नाकाची मालीश

कोल्हारच्या गोरक्षनाथाला देवानं सगळं दिलं, फक्त नाक देताना हात आखडला. "भाकरी थापताना मधीच अंगठा लागला, तसं हाय माझं नाक," असं तो आपणच सांगायचा. लोकांनी हसायच्या आत आपण हसून घेतलेलं बरं! पण सोयरीक काही हसण्यावारी नेता येत नाही. 'पोरगा नकटा हाय' म्हणून दोन ठिकाणी नकार आला होता, आणि आता नेवाशाची बनुबाई त्याच्या मनात भरली होती. बाजारात तिचं ते लांब, बाकदार नाक दिसलं आणि गडी पार विरघळला. आज तिच्याकडची माणसं घर बघायला येणार होती.

सकाळीच त्यानं मुबारकबीचं दार गाठलं. गावातल्या तान्ह्या पोरांची, मग ती कुणाच्याही घरची असोत, नाकं तेल लावून ओढायचं काम तिचं.

"मावशी, माझं नाक वर काढा."

"आरं, आता व्हय! तवा तुझी आईच म्हनली, पोरगं रडतंय, ऱ्हाऊ द्या."

"आता न्हाई रडत. नगरच्या छावनीतल्या गोऱ्या सोजिरावानी करा."

"त्येंचं उन्हात सोलून निघतंय. आमच्यात पठानी नाक लागतं, त्येच देते."

तिनं चिमटीत नाक धरलं आणि गोरक्षनाथ ढसाढसा रडला. नाक वाढलं खरं, पण चहूबाजूंनी. आई छबूबाईनं कपाळावर हात मारून त्यावर हळद थापली.

पाहुणे आले. बनुबाईची आजी रंगुबाई, तिनं पोराकडं पाहिलं आणि चहाची बशी खाली ठेवली. "हा व्हय पोरगा? मग येतो आमी."

गोरक्षनाथ दारात आडवा उभा राहिला. "का वं आजी?"

"आमाला नकटा सांगितला हुता! आमच्या घरान्यात नाकं कमी हायती का? आदी नाक पोचतंय, मागनं मानूस. बनीला 'चोच हाय' म्हनून लोक नाकारत्यात. म्हनलं, नकटा केला तर पतवंडं तरी बेतात निघतील!"

जन्मात पहिल्यांदाच गोरक्षनाथ आपल्या नाकासाठी भांडला. "आईच्यान सांगतो, मी नकटाच हाय! ही सूज हाय!"

"सगळे असंच म्हनत्यात."

शेवटी मुबारकबीला साक्षीला आणलं. "असं बसकं नाक पंचक्रोशीत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या हातानंबी उठलं न्हाई, बोला!"

पाहुणे जेवायला थांबले. गोरक्षनाथ नाकावर ओलं फडकं धरून बसला. दिवस कलता सूज उतरली, तशी रंगुबाईनं बैलाचे दात बघावेत तसं त्याचं नाक दाबून पाहिलं. "लई झ्याक! साखर वाटा."

मुबारकबी निघताना म्हणाली, "पोर झालं की मला बोलवा."

"बोलवू की," रंगुबाई म्हणाली. "पन वढायचं का दाबायचं, ते पोर बघून ठरवू."