बाबांची हातोडी

"उडी मार गं चिमणे!"

बाबा किल्ली फिरवायचे, शेजारच्या सीटवर चिमणी धप्पकन उडी मारायची, आणि म्हातारा ट्रक खोकत खोकत जागा व्हायचा. तिला वाटायचं, खेळ आहे.

आता बाबा नव्हते. त्यांच्यामागे ट्रकनेही अंगणात मौन धरलं होतं. थोरल्या दादाने आईला सांगून ठेवलं होतं, "आज चालू झाला तर ठेवू. नाहीतर भंगारात." भंगारवाला क्रेन घेऊन फाटकाशी येऊन उभाही राहिला होता.

चिमणीने किल्ली फिरवली. टक्. बस्स, तेवढंच.

"स्टार्टर अडकलाय," दादा ट्रकखालून म्हणाला. "हातोडीचे दोन ठोके दिले की सुटतो."

पहिल्या ठोक्याला सायलेन्सर खाली आला. दुसऱ्याला कैक वर्षांचा चिखल, थेट दादाच्या मिशांवर.

"अरे, दुरुस्त करतोयस की जीव घेतोयस त्याचा?" पायरीवरून आई.

"थू! आई, सगळ्या ट्रकांचा स्टार्टर खालीच असतो!"

"मग सापडला का?"

"सापडेल! जातोय कुठे?"

स्टार्टर सापडला नाही. दादाची कंबर तेवढी धरली. कण्हत तो बाहेर सरकला आणि भिंतीला टेकून बसला तो बसलाच.

भंगारवाल्याने साखळी सोडली. तिचा खळखळाट ऐकून चिमणी ट्रकमधून उतरायला निघाली. उतरता उतरता तिने शेजारच्या सीटवर हात ठेवला, निरोपाचा. सीट डुगडुगली. तिने ती उचलून पाहिली.

इंजिनाच्या चक्क डोक्यावर स्टार्टर बसला होता! आणि त्याच्यावर, सीटच्या फळीला टेकेल असा, बाबांनी बसवलेला लाकडाचा ठोकळा.

"दादा! हा तर वर आहे! अरे, खेळ कसला, मी बाबांची हातोडी होते!"

"मग मार ना उडी!"

"आणि किल्ली कोण फिरवणार? तू ये."

"मला उठवत असतं तर..."

आईने चपला काढल्या. कुणी काही म्हणायच्या आत ती ट्रकमध्ये आली आणि सीट जागेवर ठेवून तिच्यावर चढली.

"आई, जपून!"

"तू किल्ली बघ."

धप्प!

ट्रक शिंकला, खोकला, आणि धडधडू लागला. अंगणभर धूर झाला. दादा कंबर विसरून टाळ्या पिटू लागला. भंगारवाला हसत हसत साखळी गुंडाळायला लागला.

आई मात्र उतरेना.

"बंद कर," ती म्हणाली. "परत एकदा."

"अगं, चालू झालाय! राहिला आपला ट्रक!"

"कळतंय मला." आईने सीटवरून हात फिरवला. "ते तुलाच हाक मारायचे. मी आपली दारात उभी राहून बघायचे. कधी बोलले नाही त्यांना... मलाही मारायची होती गं उडी."