आत्याआधी पोचलेली मोटार

श्रीपतीला थंडी मनापासून आवडायची. थंडी पडली की आंब्याची कलमं मोहोरतात आणि बागवाल्याची कळी खुलते. त्या जानेवारीत मिरजोळ्याला अशी कडाक्याची थंडी पडली, की लोकांनी ट्रंकेच्या तळातले स्वेटर बाहेर काढले. श्रीपती पडवीत मफलर गुंडाळून खुशीत बसला होता. "पडू दे अशीच आठवडाभर!"

ही थंडी अंगणातल्या मोटारीवरही पडतेय, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

मोटार सेकंडहँड, दिवाळीत घेतलेली. दुसऱ्या दिवशी तिच्यातून पोफळीला जायचं होतं. त्याच्या बायकोचा, सुनेत्राचा, भाऊ श्याम तिथल्या वीजघरात नोकरीला, आणि त्याच्या मुलाचं बारसं होतं. आता बारशाला बाकी कोणी नसलं तरी चालतं, पण आत्या लागते. बाळाच्या कानात नाव तीच सांगणार. आणि सुनेत्रा एकुलती एक आत्या! श्यामचं लग्न झाल्यापासून ती या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. सकाळच्या कऱ्हाड एस्टीने जाऊ, ती पोफळीवरूनच जाते, असं तिने पुन्हापुन्हा सांगून पाहिलं. श्रीपती दुखावलाच.

"दारात मोटार असताना आत्या एस्टीतून उतरली, तर श्यामच्या सासरचे काय म्हणतील? अगो, राणीसारखी नेतो तुला."

सकाळी राणी शालू नेसून तयार व्हायच्या आधी राजाने जरा किल्ली फिरवून पाहिली. मोटार घरघरली, खोकली आणि गप्प झाली. त्याने चोक ओढला, पुन्हा सेल्फ मारला. पेट्रोलचा भपकारा आला, पण इंजिन ढिम्म. बागेतला जुना गडी रावजी बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, हिला थंडी बाधलीय."

झालं! मोटारीची बाळंतिणीसारखी शेकशेगडी सुरू झाली. प्लग काढून चुलीच्या वैलावर शेकले. बॉनेटवर गोणपाट टाकलं आणि त्यावर चुलाण्यावरचं कढत पाणी ओतलं. ते सुनेत्राच्या अंघोळीचं होतं. ती गार पाण्याने अंघोळ करून कुडकुडत बाहेर आली, तेव्हा मोटारीच्या अंगातून मात्र छान वाफा निघत होत्या. सेल्फ मारला. मोटार पुन्हा खोकली, इतकंच.

मग रावजी म्हणाला, गाऱ्हाणं घातल्याशिवाय ही काय हलायची नाय. टायरापुढे नारळ ठेवला. आता, रावजी एकदा गाऱ्हाण्याला लागला की गावातल्या सगळ्या देवांची हजेरी घेतल्याखेरीज थांबत नसे. तो एकेका देवाला मोटारीची कुंडली सांगत राहिला, श्रीपती हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत राहिला, आणि एस्टीची वेळ टळायला आली तशी सुनेत्रा दातओठ खाऊन "व्हय म्हाराजा" म्हणू लागली.

शेवटी उतारावर ढकलायचं ठरलं. सुनेत्रा कुंची आणि लाडवांची पिशवी मांडीवर घेऊन आत बसली, रावजीने मागून जोर लावला. मोटार आवाज न करता उतार उतरली आणि खालच्या तिठ्यावर येऊन थांबली. नेमकी तिथेच कऱ्हाड एस्टी उभी होती. सुनेत्रा पिशवी घेऊन उतरली आणि एस्टीत चढली. कंडक्टरने घंटी दिली.

श्रीपती स्टिअरिंगशी तोंड पाडून बसून राहिला. ऊन चढलं, बॉनेट तापलं. काही करायचं म्हणून त्याने किल्ली फिरवली, आणि मोटार जसं काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली! तो सुसाट निघाला. चिपळूणच्या अलीकडे एस्टी दिसली. पण थांबायची सोय नव्हती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ही बया मरणार, ही धास्ती. त्याने हॉर्न वाजवला, हात केले, खिडकीकडे बघून "पुढे होतो गो" असं ओरडला आणि रिकामी मोटार घेऊन पुढे गेला.

"कोण हो ते? तुमच्या ओळखीचे दिसतात," कंडक्टर म्हणाला.

"मी नाही ओळखत," सुनेत्रा म्हणाली.

पोफळीच्या कॉलनीत हॉर्न ऐकून आत्या आली, आत्या आली म्हणून बायका भाकरतुकडा घेऊन धावल्या. मोटारीतून एकटा श्रीपती उतरला. श्यामने पुढची मागची दोन्ही दारं उघडून पाहिली.

"ताई कुठाय?"

"येतेय," श्रीपती म्हणाला. "एस्टीने."

पाळणा सजलेला, बाळ भुकेने रडतंय, मुहूर्त सरत चाललेला, आणि श्यामची सासू श्रीपतीकडे नुसती बघतेय. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. इतक्यात सुनेत्रा फाटकातून धावत आली. बाळाला कुंची घातली, त्याच्या कानाशी वाकली, आणि "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धपाट्यांचं नव्हतं.

घुगऱ्या खाऊन, पान खाऊन श्रीपती ऐटीत उठला. "चल, आता राणीसारखी परत नेतो. पुन्हा खोळंबा नको म्हणून मी चोक ओढून ठेवलाय, इंजिन बंदच केलेलं नाही!"

बाहेर सगळं शांत होतं. इंजिनाने आपली आपण टाकी संपवली होती.

परतीच्या एस्टीत सुनेत्रा खिडकीशी बसली. शेजारी एकच जागा रिकामी होती, तिच्यावर तिने श्यामच्या घरून भरून दिलेली पिशवी ठेवली होती. श्रीपती आशेने जवळ जाऊन उभा राहिला.

"ही जागा कोणाची?" कंडक्टरने विचारलं.

"लाडवांची," सुनेत्रा म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.