जास्वंदीचा तपास

ज्याच्या मस्तकी तांबडे फूल शोभते आणि ज्याच्या विशाल उदरात भक्तांचे सारे अपराध निमूट मावतात, त्या गजाननाला प्रथम वंदन असो. मन आवरण्याचे उपाय संतांनी पुष्कळ सांगून ठेवले आहेत. ते न आवरल्यास काय होते, हे मात्र आमच्या सिल्व्हर पार्कमधील कमळाकरपंतांनी स्वतःच्या देहावर दाखवून दिले. तेव्हा श्रोतेजनहो, सावध बसा. आणि जमल्यास जरा सैल बसा.

कमळाकरपंतांनी टपाल खात्यात चौतीस वर्षे हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी तपासल्या. निवृत्त होऊन ते लालबागहून मीरा रोडला आले, तेव्हा पार्सले मागे राहिली. संशय मात्र सामानाबरोबर टेम्पोतून आला. दूध उशिरा आले तर ते दूधवाल्याला जाब विचारीत, आणि वेळेवर आले तर "आज वेळेवर कसे?" असे विचारीत.

दत्तजयंतीच्या सप्ताहात पोथीचे पारायण करण्याचा त्यांचा नेम होता. रोज पाच तास एका बैठकीत वाचन, आणि दिवसातून एकदाच जेवण. एकवीस वर्षे त्यात खंड पडला नव्हता. यंदा बाविसाव्या वर्षी मानेमागे ठोके पडू लागले, पोटात आम्ल उसळू लागले, झोप उडाली. मुलाने, निकेतने, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणून दिले. त्यावर आकडा आला एकशे साठ.

डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि म्हटले की दुखणे शरीराचे थोडे व विचारांचे अधिक आहे. रोज वीस मिनिटे स्वस्थ बसून नुसता श्वास पाहावा. पुढच्या रविवारी सकाळचा आकडा फोनवर कळवावा. एकशे चाळीसच्या खाली असेल तरच सोमवारी पारायणाला बसावे. (फुकटचा उपाय सांगणाऱ्या डॉक्टरचाही पंतांना संशय आला, हे सांगायला नकोच.) पंतांच्या पत्नीने, शांताबाईंनी, तो आकडा पदराच्या गाठीसारखा बांधून ठेवला. "चाळीसच्या खाली नसेल तर पोथी मी कपाटात ठेवणार," त्या म्हणाल्या, "आणि किल्ली माझ्याकडे."

पंत खरोखर स्वस्थ बसलेही असते. पण दुसऱ्याच दिवशी फुले चोरीला गेली.

इमारतीच्या पंपखोलीशेजारी पंतांनी स्वतःच्या हाताने जास्वंद लावली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी कळ्या मोजल्या होत्या: सात. सकाळी अर्ध्या तासात स्नान आणि स्तोत्रे आटोपून ते परडी घेऊन खाली उतरले, तो झाडावर दोनच फुले. तिसऱ्या दिवशीही दोनच. चौथ्या दिवशीही तेच. पंतांनी निष्कर्ष काढला की चोर भाविक असावा. देवापुरती दोन ठेवून जातो. आणि भाविक चोर हा सर्वांत घातकी, कारण तो पकडला गेला तरी लाजत नाही.

संशयाची सुई तिसऱ्या मजल्यावरच्या भूपेशभाईंवर स्थिरावली. हे निवृत्त कापडव्यापारी रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन खाली उतरत आणि जास्वंदीसमोरच्या बाकावर डोळे मिटून बसत. समोर देव नसताना जो माणूस डोळे मिटतो, त्याचा कशावर तरी डोळा असतोच, असे पंतांचे अनुमान होते. पाळत ठेवावी म्हणून पंत शेजारी जाऊन बसले. भूपेशभाईंना आनंद झाला. त्यांनी पिशवीतून एक आसन काढून पंतांना दिले आणि सांगितले, "कमळाकरभाई, काय पण नाय करायचा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढाच बघायचा."

पंतांनी तीन दिवस ध्यान केले. उजवा डोळा श्वासाकडे आणि डावा झाडाकडे. आकडा एकशे अडुसष्टवर गेला.

घरी शांताबाई रोज न्याहारीआधी पेलाभर तांबडे, आंबटगोड पाणी देत. पंत ते कोकम समजून पीत आणि या घरात विश्वासाने घेण्याजोगी एवढी एकच वस्तू उरली आहे, असे म्हणत. शांताबाई यावर काही बोलत नसत. (जी गृहिणी एरवी मिठाच्या चिमटीवरही बोलते, तिचे मौन पंतांच्या तपासातून कसे सुटले, हे दत्तगुरूच जाणोत.)

शनिवारी संध्याकाळी पंतांनी टपाल खात्यातली जुनी विद्या बाहेर काढली. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून हिरवा दोरा घेतला आणि सातही कळ्यांच्या देठांना त्याची गाठ मारली. हिरव्यावर हिरवे, चोराला दिसणार नाही. रविवारी सकाळी दोन फुले गाठींसह जागेवर होती आणि पाच बेपत्ता. पंतांनी लगोलग भूपेशभाईंना आणि सोसायटीचा सेक्रेटरी पराग याला घरी बोलावले. आकडा कळवायला अजून तास होता. त्याआत चोर सापडला की मन शांत होईल आणि आकडाही उतरेल, असा हिशेब.

शांताबाईंची धांदल उडाली. पाहुणे अचानक आलेले, त्यांनी घाईघाईत सर्वांसाठीच तांबडे पाणी ओतून आणले. पंत उभे राहिले आणि एखादा निकाल वाचावा तशा स्वरात म्हणाले, "देवाच्या फुलांवर कोणी हात टाकला, हे मला ठाऊक आहे. मी कोणाचे नाव घेत नाही. पण ज्याच्या घरात आज हिरवा दोरा सापडेल, तो चोर."

हे म्हणताना त्यांची नजर कोणाकडे होती, ते सर्वांनी पाहिले. भूपेशभाईंचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "मी तर कांदा पण नाय खात कमळाकरभाई. झाडावरचा फूल कशाला तोडेल?"

"काका, पाणी प्या आधी," पराग म्हणाला. "मान लाल झालीये तुमची."

पंतांनी पेला उचलला, एका दमात अर्धा संपवला आणि थांबले. जिभेवर काहीतरी आले होते. त्यांनी दोन बोटांनी ते ओढून काढले आणि उजेडात धरले. बोटभर लांबीचा दोरा. त्याला गाठ. रंग हिरवा.



"शांता, हे कोकम आहे ना?"

"जास्वंद आहे," शांताबाई म्हणाल्या. "दाबावर चांगली, असं चौकातल्या कोळीणबाईंनी सांगितलं, रोज मासळी घेऊन येतात त्या. तुम्ही आंघोळीत असता तेव्हा तोडते. सांगितलं असतं तर देवाचं फूल म्हणून तोंडाला लावलं नसतं तुम्ही. आज चष्मा नव्हता, आणि घाईत गाळायचं राहिलं."

"म्हणजे पाचही..."

"रोज. तुमच्याच पोटात."

पहिल्यांदा हसले ते भूपेशभाई. मग पराग. पंतांनी काही क्षण धीर धरला. पण आपण तीन दिवस चोरी होऊन गेलेल्या झाडावर एक डोळा ठेवून बसलो होतो, हे चित्र समोर उभे राहिले आणि तेही हसू लागले. इतके, की खुर्चीत बसावे लागले. मग त्यांनी भूपेशभाईंसमोर हात जोडले. भूपेशभाईंनी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "आता दोन्ही डोळे बंद करा."

पंतांनी मिटले. आयुष्यात प्रथमच दोन्ही. पाहण्यासारखे, पकडण्यासारखे काही उरलेच नव्हते. श्वास आपला आत येत होता, बाहेर जात होता. वीस मिनिटांनी शांताबाईंनी दंडाला पट्टा बांधला. आकडा एकशे छत्तीस.

शांताबाई म्हणाल्या फुलांचा गुण. भूपेशभाई म्हणाले ध्यानाचा. डॉक्टर फोनवर म्हणाले की गोळीचा. पंतांनी कोणाशीही वाद घातला नाही. ही त्यांच्या बरे होण्याची पहिली खूण.

सोमवारी पोथी उघडली. देवासमोर सातही फुले होती, आणि पंतांच्या शेजारच्या आसनावर भूपेशभाई डोळे मिटून बसले होते. वाचनाआधी पंतांनी आपल्या तपासवहीत शेवटची नोंद केली: हरवलेली वस्तू, जास्वंद, संशयित, निर्दोष, वस्तू योग्य पत्त्यावर रोज वेळेवर पोहोचली असून तक्रारदाराने ती स्वतः पिऊन घेतली आहे, प्रकरण बंद.

त्या दयाघनाने जशी पंतांची मान हलकी केली, तशी सर्व श्रोत्यांचीही करावी. कोणाच्या छातीत उगाच ठोका न पडो, शेजाऱ्याचे मन शेजाऱ्याकडून न दुखावो, सर्वांना दोन्ही डोळे मिटून स्वस्थ बसण्याचे सुख लाभो. आणि घरोघरी काढा नीट गाळला जावो.