प्राण वजा भेटायला आलेले

माणूस आजारी पडला की तो गावाच्या मालकीचा होतो. धडधाकट माणसाला आपल्या पायाचं काय करायचं ते स्वतः ठरवता येतं; पाय मुरगळलेल्याला ही सवलत नसते.

शिरूर कासारच्या दहावीतल्या सुकन्याला हे सत्य एका खेळामुळे उमगलं. पुण्याचा मावसभाऊ उन्हाळ्यात फासे आणि नियमांचं पुस्तक तिच्याकडे विसरून गेला. खेळात प्रत्येकाने कुणीतरी वीर व्हायचं, सुकन्या प्रसंग सांगणार, फासा पडेल तसं लढायचं. वीराला दहा प्राण. संपले की मेला. पण पुस्तकानुसार घायाळ वीर एक रात्र झोपला की सकाळी दहाचे दहा परत.

यावर मेंढपाळ वीरांगना झालेली मैत्रीण अंजना म्हणाली, "भाल्यानं पोट फाटलं अन् भेटायला कोणीच आलं न्हाई? कसलं गाव हाय गं हे?"

प्रश्न रास्त होता. सबब जिल्ह्याच्या परिस्थितीला अनुसरून नियमांत दुरुस्ती करण्यात आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकामागे एक प्राण वजा. त्याने उपायही सांगितल्यास एकाऐवजी दोन. "आमच्या भावकीत एकाला अस्संच झालतं," असं म्हणून त्या एकाचं पुढे काय झालं तेही सांगितल्यास फासा टाकावा. पडेल तेवढे आणखी वजा. बिस्किटपुडा आणल्यास एक अधिक (पण तोच पुडा पुढच्या पाहुण्यापुढे ठेवावा लागतो, म्हणून हा लाभ कागदोपत्रीच). पुढाऱ्यांना वेगळं कलम: त्यांचे प्राण वर्षभर दहाच, फक्त चौकशीची नोटीस आली की छातीत कळ. या कळेने कुणी दगावल्याची नोंद नाही.

दुरुस्तीनंतर दिवाळीपर्यंत अकरा वीर मेले. तलवारीने दोन. बाकीचे घरीच, चार माणसांत.

नियम असे उत्तम चाललेले असताना सुकन्या स्वतःच शेळ्या चुकवताना सायकलवरून पडली. घोटा वांग्यासारखा सुजला. तिचे वडील राधाकिशन यांनी तडक ठरवलं: सकाळच्या एसटीने बीड गाठायचं आणि पायाचा फोटो काढायचा. सुकन्याने मनाशी हिशेब केला. पडण्याचे तीन गेले, सात शिल्लक. सकाळपर्यंत सहज पुरतील.

मग शेजारच्या छबुबाई आल्या. गरम वाळूचा शेक द्या म्हणाल्या. पाच.

मग सोमेश्वरकाका आले. बैठक मारून त्यांनी चहा घेतला आणि नेकनूरकडचा एक हाड बसवणारा सुचवला. तीन. "फोटोत नुसतं हाड दिसतं, राधाकिशन. दुखणं दिसतं का?" शिवाय त्यांच्या साडूचा पाय असाच बीडला नेलता, तो अजून जमिनीला नीट टेकत न्हाई. सुकन्याने गोधडीखाली फासा टाकला. दोन पडले.

एक प्राण राहिला, आणि राधाकिशन मान डोलवू लागले होते. फोटोचं पुढं बघू, असं ते म्हणालेसुद्धा.

सुकन्या कॉटवर उठून बसली. खेळात प्रसंग सांगताना लावायची तशी आवाजाला धार लावली.

"आजपासून नवा नियम. ज्यानं उपाय सांगितला, त्यानंच मला उचलून न्यायचं, अन् पाय बरा होईस्तोवर सांभाळायचं. काका, नेकनूरला कधी निघायचं?"

काकांना त्याच क्षणी म्हशीची आठवण झाली. छबुबाईंचं दूध चुलीवर होतं, ते त्यांना आत्ताच कळलं. घर रिकामं झालं. राधाकिशन एकटे उरले, आणि एकटे असले की त्यांना स्वतःचंच म्हणणं पटतं. त्यांनी एसटीची वेळ विचारायला फोन लावला.

आता सकाळपर्यंत तो एक प्राण टिकवायचा आहे. आणि वाचकहो, घोटा सुजल्याचं वाचलं तेव्हापासून तुमच्याही ओठांवर एक रामबाण लेप घुटमळतोय, हे सुकन्याला ठाऊक आहे. अवश्य सांगा. पण नियम सगळ्यांना सारखा: आधी या, तिला उचला.