तक्रार क्रमांक पंच्याण्णव

दर रविवारी सकाळी नऊ वाजता फोरमनच्या घरातून वरच्या मजल्यावर एक लिफाफा जात असे. आत तक्रार, तक्रारीवर क्रमांक आणि क्रमांकाखाली लाल रेघ. फोरमनच्या पॅसेजच्या छताला दोन वर्षं ओल होती आणि वरच्या बाईंचं बाथरूम बरोबर त्याच्या डोक्यावर होतं. फोरमननी कारखान्यातल्या पाइपलाइनी सांभाळण्यात अठ्ठावीस वर्षं घालवली होती. पाणी कुठून गळतंय हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगणं म्हणजे त्यांची इज्जत काढणं होतं.

बायकोने एकदाच, फार हळू आवाजात, विचारलं होतं, "अहो, पॅसेजच्या माळ्यावरच्या आपल्या टाकीचा जॉइंट बघता का जरा?"

"तो जॉइंट मी बसवलाय!" फोरमन ओरडले होते, आणि पुढचे दोन दिवस जेवताना फक्त ताटाशी बोलले होते.

अशात कारखान्याने नवा नियम काढला. सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजीची लेखी परीक्षा द्यायची. वयाच्या बावन्नाव्या वर्षी फोरमन स्वतःच्या मुलीसमोर वही घेऊन बसले. कारखान्यावर चिडता येत नव्हतं, म्हणून ते क्रियापदांवर चिडले.

"माणूस काम एकदा करतो. त्याची बारा-बारा रूपं कशाला? आमच्याकडे नट फिरवला की फिरला!"

"बाबा, तुम्ही ओरडलात, ओरडत होतात, ओरडत आला आहात आणि ओरडणार आहात. लागली की नाही रूपं? आणि ही तर नियमित क्रियापदं आहेत. मागे ईडी लावायचं, की झाला भूतकाळ. आजचं क्रियापद, अपॉलोजाइज. म्हणजे माफी मागणं."

"दुसरं काही मिळालं नाही?"

"निदान कागदावर तरी मागा."

शनिवारी संध्याकाळी फोरमननी दात-ओठ खात पानभर माफी मागितली. वर्तमानात मागितली, भूतात मागितली, भविष्यात मागून पूर्ण झालेली असेल अशीही मागितली. मी, तू, तो, ती, ते, कुणालाच सोडलं नाही. शेवटी आज्ञार्थ आला, तेव्हा पेनाने कागद फाटला. मग मन शांत करायला त्यांनी तक्रार क्रमांक पंच्याण्णव लिहिली, पुन्हा एकदा वाचू म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली आणि अभ्यासाचा कागद तशीच तिहेरी घडी घालून टेबलावर ठेवला.

टेबलावरचा घडीचा कागद लिफाफ्यात घालायचा, हे बायकोचं दोन वर्षांचं काम. रविवारी नऊ वाजता तिने ते चोख केलं.

साडेअकराला फोरमन ब्रेड आणायला उतरले, तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातच त्यांना मिठी मारली.

"फोरमन, जिंकलंत! याला मोठं मन लागतं!"

"कशाला?"

"आता लाजता काय!"

तळमजल्यावरचे आजोबा काठी टेकत पुढे आले. "अहो, आमच्याच्याने जन्मात एकदा माफी मागवत नाही, तुम्ही एका पानात छत्तीस वेळा! मी मोजल्या."

नोटीस बोर्डाच्या काचेआड फोरमनचं अक्षर होतं. 'आय अपॉलोजाइज' पासून खाली ओळीने. फोरमननी खिसा चाचपला. पंच्याण्णव तिथेच होती. त्यांनी काचेवर मूठ आपटली. सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, "भावना आवरा."

फोरमन दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले. बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवत दार उघडलं.

"तो कागद चुकून आलाय!"

"माहीत आहे. सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी. मनापासून माफी मागणारा माणूस इतक्या काळांत मागत नाही."

"मग बोर्डावर कोणी लावला?"

"मी तपासायला घेतला होता, तेवढ्यात सेक्रेटरी आले. पहिली ओळ वाचली आणि डोळे पुसत घेऊन गेले. तीन चुका आहेत बरं."

"चुका? माझ्या?" फोरमनच्या कपाळावरची शीर उडू लागली. "आधी तुमची फरशी बघा!"

"उद्या मिस्त्री येतोय. फोडूनच बघू या. आणि ओल माझी निघाली नाही तर?"

"नाही निघाली, तर तो कागद तोंडपाठ म्हणून दाखवीन! सगळ्या काळांत! खाली बोर्डासमोर उभा राहून!"

सोमवारी फोरमन रजा टाकून मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहिले. सेक्रेटरी साक्षीला आले. फरशी निघाली. खाली कोरडं. सिमेंट निघालं. कोरडं. पाइप बोटाने पुसून पाहिला, बोट धुळीने भरलं.

"आणखी खाली घे!"

"साहेब, आता तुमचंच छत लागेल."

"लागू दे! अठ्ठावीस वर्षं पाइप बघतोय मी!"

मिस्त्रीने छिन्नीवर घाव घातला. दहा-बारा घावांनंतर छिन्नी आरपार गेली. मिस्त्रीने भोकातून बॅटरीचा झोत सोडला आणि चौघांनी डोकी खाली घातली. खाली फोरमनचा माळा होता. माळ्यावर फोरमनची टाकी होती. टाकीला फोरमनचा जॉइंट होता. त्यावर एक थेंब फुगला, टपकला. मग दुसरा.

मिस्त्रीने हातोडा पिशवीत ठेवला.

भोकातून बायकोचा आवाज वर आला, "अहो, इथे सगळी माती पडतेय! बघितलात का एकदाचा जॉइंट?"

फोरमनच्या मुठी वळलेल्या होत्या, पण त्या आपटायला आता वरच्या मजल्यावर काहीच उरलं नव्हतं.

बाईंनी टेबलावरून कागद आणला. सकाळीच त्यांनी तो बोर्डातून सोडवून आणला होता. तीन ठिकाणी लाल शाई होती, कोपऱ्यात छत्तीसपैकी तेहतीस.

"बोर्डासमोर नको," त्या म्हणाल्या. "इथेच म्हणा. साधा वर्तमानकाळ. आणि जरा हळू, फोरमन. ओरडून म्हटलंत की तो आज्ञार्थ वाटतो."