राजेशम अण्णांच्या डब्यातला बिघाड

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळत आलो. कट्ट्यावर राजेशम अण्णांचा विषय निघाला की मी गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणतो आणि उठतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचे गुडघे गेले. गुडघे ठणठणीत आहेत. पण आता वय असं झालं आहे की जे सांगायचं ते सांगून टाकावं.

अण्णांना तुम्ही ओळखत नाही, म्हणून आधी त्यांची खूण सांगतो. हा माणूस दिव्याचं बटण दाबण्याआधी बोर्डावर बोटानं टकटक करतो. कोणाच्याही घरी, दवाखान्यात, बँकेत. आधी टकटक, मग बटण.

"अण्णा, आत कोण बसलंय?" मी एकदा विचारलं.

"करंट बसलाय की. तुमच्या घरात कोण न सांगता घुसलं तर तुमाला कसं वाटंल, फोरमन?"

फोरमन म्हणजे मी. वीज खात्यात खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि खालून ओरडण्यापर्यंत पोचून निवृत्त झालो. अण्णांचा टॉवेलचा कारखाना होता. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि माग बंद पडला की दोन्ही भाषांत शिव्या. पुढे कारखाना मुलाकडे सोपवून ते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मक्का जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत, आमच्या समोर राहायला आले. येताना सामानाबरोबर डबा घेऊन आले.

डबा म्हणजे चाकांवरची खोली. जीपच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. गावातली एक गिरणी बंद पडल्यावर तिच्या आवारातलं भंगार विकायला निघालं, त्यात अण्णांना हा सापडला. कधी काळी यंत्रं बसवायला आलेला कुणी परदेशी साहेब त्यात राहत असे म्हणे. पत्रा अॅल्युमिनियमचा, खिडक्या गोल कोपऱ्यांच्या, आत दोन बाक, एवढंसं स्वयंपाकघर. अण्णा त्याला ऐटीत 'कारवान' म्हणत. कॉलनी 'डबा' म्हणे. कारखाना होता तोवर अण्णांनी त्यात टॉवेलचे गठ्ठे रचले. जुळे सोलापुरात आल्यावर एके दिवशी सगळे गठ्ठे बाहेर काढले आणि जाहीर केलं, "ह्याची वायरिंग नवी करणार. मी स्वतः करणार."

मी हसलो. पहिली चूक ती.

डब्यातली जुनी वायरिंग हे एक प्रकरणच होतं. कापड आणि रबर गुंडाळलेल्या तारा. हात लावला की रबराचा पापडासारखा चुरा. मधल्या काळात जो कोणी मेकॅनिक भेटला त्यानं आपापल्या बुद्धीप्रमाणे ठिगळ लावलेलं. फ्यूजच्या जागी चक्क खिळा होता. अर्थिंगचा पत्ता नाही, त्यामुळे पावसाळ्यात डब्याच्या पत्र्याला टेकलेली मांजर एकदा जी उडाली ती आमच्या गच्चीवर उतरली, असं अण्णा सांगत. मांजर खरी होती. गच्चीचं मला माहीत नाही.

अण्णांनी सगळ्या तारा उपटल्या आणि अंगणातल्या दोरीवर शेवयांसारख्या वाळत टाकल्या. नवीन तारांची बंडलं आणली. इथून आमची भांडणं सुरू झाली.

वायरिंगमध्ये लाल तार वीज आणणारी, काळी परत नेणारी आणि हिरवी जमिनीला जोडलेली, संकटकाळासाठी. हे शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णा चादरींच्या गावचे. त्यांनी भिंतीवरून तारा नेल्या त्या काठ धरून: लाल, हिरवी, लाल, मग काळी.

"अण्णा, हे काय? हिरवी अर्थिंगची!"

"काठाला हिरवा शोभतो, फोरमन. लाल-काळा-लाल म्हणजे काय, सतरंजी हाय का?"

तास-दीड तास भांडून मी रंग सरळ करवून घेतले. पण जोड काही मला सोडवता आले नाहीत. मागावर धागा तुटला की विणकर दोन बोटांत चिमटून बारीक, घट्ट गाठ मारतो. अण्णांनी तांब्याच्या तारेलाही तीच गाठ मारली. डोळे मिटून मारत, आणि वर टेप.

"जोड म्हणजे गाठ नव्हे, अण्णा. स्क्रूचं कनेक्टर लावा."

"ह्या गाठीवर आमच्या तीन पिढ्या जेवल्यात."

संध्याकाळी कट्ट्यावर सगळे जमले असताना मी हा विषय चवीनं सांगितला. अण्णा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "फोरमन, तुमी खात्यात होता तवा रोज लाईट जात होती. तुमी घरी बसला आन् लाईट ऱ्हायली. गाठ कुणाची सुटत होती, सांगा की बे?"

कट्टा असा हसला की समोरचा चहावाला गाडा सोडून बघायला आला. मीही हसलो. पण आतून जळालो. नोकरीभर वादळवाऱ्यात खांबावर लटकलेला माणूस मी, आणि टॉवेलवाला माझी गाठ काढतो!

अण्णांनी मुख्य बोर्डावर एक नवा ब्रेकर बसवला होता. त्याचं काम सोपं असतं. लाल तारेतून जितकी वीज आत गेली तितकी काळ्या तारेतून परत आली पाहिजे. थोडी जरी भलतीकडे गेली तरी ब्रेकर खटकन पडतो आणि सगळं बंद करतो. अण्णांना तो फार आवडला होता. "करंट म्हणजे पाव्हणा. ज्या दारानं आला त्याच दारानं गेला पायजे. आन् ही दारात बसलेली सासू."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा दाढी करायला गेले. मी डब्यात शिरलो. मागच्या बाकाखालचा बोर्ड सैल केला, केसाएवढी तांब्याची एक तार घेतली आणि काळ्या व हिरव्या तारेच्या मध्ये टेकवून ठेवली. धोका काही नाही. शॉक लागणार नाही, आग लागणार नाही. फक्त पाहुण्याला मागचं दार मिळालं. आत एक दिवा जरी लावला तरी सासू खटकन पडणार. आणि गंमत अशी की एकेक भागाचं बटण बंद करून शोधायला गेलात तर जन्मात सापडणार नाही, कारण बटणं लाल तार तोडतात, काळीला कोणी विचारत नाही.

बेत साधा होता. दोन दिवसांत अण्णा हात जोडत येणार. मी चष्मा लावून, जरा वेळ 'हं हं' करून, जादूसारखा बिघाड काढणार. कट्ट्यावर हिशेब फिटणार.

बोर्ड बसवून वळलो तर दारात लक्ष्मक्का. धुतलेले पडदे घेऊन आलेल्या. माझ्यापासून चार हातांवर.

"कोन हाय?" त्यांनी उन्हातून आतल्या अंधारात, माझ्या अंगावरून पलीकडे बघत विचारलं.

मी श्वास रोखून, तोंड दाबून उभा राहिलो, शाळेतल्या पोरासारखा. त्या क्षणभर थांबल्या, पडदे बाकावर ठेवले आणि निघून गेल्या. बचावलो, असं वाटून घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी अण्णांनी टकटक करून बटण दाबलं. खट्. पुन्हा टकटक. खट्.

पुढचे काही आठवडे मी आयुष्यात घेतला नसेल इतका आनंद घेतला. समोर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचो. अण्णांनी आधी पंखा काढला. खट्. मग डब्यातला छोटा फ्रिज घराबाहेर काढला, जणू त्यानं काही खाल्लं होतं. खट्. उंदराचा संशय येऊन पिंजरा लावला, त्यात त्यांचाच अंगठा सापडला. दमटपणा असेल म्हणून अक्कांचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन प्रत्येक बोर्डाला वारा घातला. लिंबू-मिरची बांधली. नवी तार सबंध उकलून पुन्हा ओढली, पण मागच्या बाकाखालच्या छोट्या बोर्डात काय बिघडणार म्हणून तेवढा तसाच ठेवला. मला वाटलं, देवसुद्धा माझ्या बाजूला आहे.

"काय अण्णा, सासू रुसली का?" मी व्हरांड्यातून विचारायचो.

"पाव्हणा कुटंतरी मागच्या दारानं पळतोय, फोरमन. दार घावंना बघा."

निदान अगदी बरोबर होतं. फक्त "तुमी येऊन बघा" हे तीन शब्द तोंडातून निघत नव्हते. आणि ते निघाल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

मग एका सकाळी लक्ष्मक्का आमच्याकडे आल्या. कुंपणाच्या भिंतीला हात लावत, फाटक चाचपत. मला वाटलं, पाय दुखत असतील.

"भाऊ, तुमी जाऊन बघा की जरा. मी आले होते म्हनून सांगू नका हं त्यांना. त्यांचं नाक लई वर हाय."

"त्यांना बोलावू द्या की, अक्का. येतो की मी." मी अजून मजेतच होतो.

"ते न्हाई बोलावायचे. आन् मला येळ न्हाई." त्या खुर्ची चाचपून बसल्या. "काचबिंदू हाय मला. कडा सगळ्या गेल्या. मधलं तेवढं दिसतंय, तेबी नळीतनं बघितल्यागत. डॉक्टर म्हनले, गेलेलं परत येत न्हाई, ऱ्हायलेलं बघून घ्या. मी म्हनलं, समुद्र बघितला न्हाई कधी."

मी म्हणालो, मग रेल्वेनं जा, लॉजवर उतरा.

"लॉजवर मी पडते, भाऊ. मागं तिरुपतीला पडले, दात गेला. नव्या जागी मला भिंत कुटं, बटन कुटं, कळत न्हाई. म्हनून ह्यांनी आता घरच चाकावर करायला घेतलं. बटनं सगळी एका उंचीला लावलीत बघा, खांद्याच्या. नुस्ता हात फिरवत गेलं की लागतंय."

त्या बटणांची मी कट्ट्यावर टिंगल केली होती. पण मला त्या वेळी ती आठवली नाही. आठवलं ते डब्याच्या दारातलं "कोन हाय?" चार हातांवर मी उभा होतो आणि त्या खरंच विचारत होत्या.

त्याच दुपारी अण्णा बाजारात गेल्याचं बघून मी डब्यात गेलो. केसाएवढी ती तार काढली आणि बोर्ड होता तसा बसवला. बाहेर आलो तर अण्णा रिक्षातून उतरत होते. हातात नारळ.

"फोरमन, बरं झालं तुमी हाय. भटजीनं सांगितलं, डब्याचं तोंड चुकलंय. पूर्वेला करायचं. धरा जरा."

आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत डबा फिरवला. अण्णांनी नारळ फोडला, आत जाऊन टकटक केली आणि बटण दाबलं. दिवा लागला. पंखा फिरला. सासू जागची हलली नाही.

त्यानंतर अण्णांनी जो गहजब केला तो विचारू नका. अख्ख्या गल्लीला पेढे. मला दोन. "खात्यात शिकवलं न्हाई ना तुमाला हे? तोंड, तोंड बघायचं असतं!" अजून कॉलनीत कोणाची मोटार जळाली तरी अण्णा आधी होकायंत्र मागतात. आणि मी काही बोलू शकत नाही.

भाच्याच्या जीपला डबा जोडून ते दोघं मालवणकडे गेले. तिथे अण्णांचा एक जुना टॉवेलचा व्यापारी होता, त्याच्या आवारात डबा लावायचा होता. मी हात हलवला. अक्कांनी दुसऱ्याच घराकडे बघून हात हलवला.

परत आल्यावर अण्णा माझ्या व्हरांड्यात येऊन बसले. बराच वेळ घाटातल्या वळणांचं सांगत होते. मीच विचारलं, "समुद्र कसा वाटला अक्कांना?"

"लई आवडला." अण्णा पंच्याच्या टोकाशी खेळत होते. "सकाळी वाळूत नेऊन बसवलं. म्हनाली, केवढा निळा हाय हो! डोळे भरून बघत होती. मी बघितलं तर कोळ्यांनी निळी ताडपत्री वाळत घातली होती समोर. तिच्याकडंच तोंड. समुद्र हिकडं, बाजूला. आवाज सगळीकडनंच येतोय, तिला काय कळणार?"

"मग?"

"मग काय. व्हय म्हनलं. लई निळा हाय म्हनलं. ऊन झाल्यावर कोळी ताडपत्री काढायला आला, त्याला हात जोडून सांगितलं, बाबा, थांब जरा."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. अण्णांना उशीर का झाला हे या पृथ्वीवर फक्त मला माहीत होतं. त्या काही आठवड्यांनी खरंच किती फरक पडला असता, हे डॉक्टरांना विचारता आलं असतं. मी अजून विचारलेलं नाही. पण त्या क्षणी मी ठरवलं, आता सांगायचं. वाक्य तोंडात तयार होतं: अण्णा, चूक माझी आहे, मला माफ करा.

"फोरमन," अण्णाच आधी बोलले. माझ्याकडे न बघता. "चूक माझी हाय. पहिल्याच दिवशी तुमाला हाक मारली असती तर तुमी तासात काढून दिलं असतं. मला म्हाईत होतं. पन गाठीचा गर्व. त्यापायी तिचे दिवस गेले. कट्ट्यावरबी तुमाला नको ते बोललो. मला माफ करा."

त्यांनी हात जोडले. थकलेला, खरा माणूस, माझ्यासमोर हात जोडून बसलेला. मी तोंड उघडलं.

"असू द्या हो, अण्णा," मी म्हणालो.