पडद्यावरचा अमीबा

दुपारी प्राचार्यबाई येणार होत्या आणि जीवशास्त्राच्या सरांचा जीव टांगणीला लागला होता. मायक्रोस्कोपमधलं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर दिसलं तर प्रयोगशाळेची खोली सरांकडे राहणार होती, नाहीतर तिथे व्यायामाची यंत्रं येणार होती.

नवा कॅमेरा मायक्रोस्कोपवर झकास बसला. पण सरांनी डोळा लावून चित्र स्वच्छ केलं, की पडद्यावर नुसतं धुकं. हाताखालच्या धाकट्या मॅडम पडद्यासाठी फोकसचं चाक फिरवू लागल्या, की सरांना धुकं दिसायचं आणि ते चाक मागे फिरवायचे.

"चाकाला हात लावू नका, मॅडम!"

"मग पडद्यावर कसं दिसणार, सर?"

"माझ्या प्रयोगशाळेत आधी डोळ्याला दिसतं, मग बाकीच्यांना!"

शेवटी सरांनी दुकानदाराला फोन लावला.

"आटे बसले ना, सर?"

"आटे बसले हो, दिसत नाहीये!"

"मग कॅमेरा दुसऱ्या प्रकारचा असणार. आटे दोन्हींचे सारखेच, भिंगापासूनच्या अंतरात पाच मिलीमीटरचा फरक. मधे रिंग घाला, खोक्यातच आहे."

"अहो, फरक आहे तर आटे सारखे कशाला ठेवले?"

"तेच तर स्टँडर्ड आहे, सर."

खोकं सकाळीच कचऱ्यात गेलं होतं. सर स्वतः कचऱ्याच्या पिंपात वाकले आणि रिंग घेऊन परतले, तर प्राचार्यबाई दारात उभ्या. रिंग बसली. डोळ्याला आणि पडद्यावर एकदम स्वच्छ दिसू लागलं. पडद्यावर जाड काळ्या काठाचं, गोल गरगरीत काहीतरी उमटलं.

"हा अमीबा!" सर आनंदाने म्हणाले. "दरवर्षी मुलांना हाच दाखवतो."

मॅडम पुटपुटल्या, "सर, हा हवेचा बुडबुडा आहे."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. बुडबुडाच होता. आजवर मुलं एकेक करून यायची, डोळा लावायची आणि "दिसला, सर" म्हणून पुढे सरकायची. सगळ्यांनी मिळून तो कधी पाहिलाच नव्हता. खोली गेली, सरांनी मनाशी म्हटलं.

प्राचार्यबाई पडद्याकडे बघत आत आल्या.

"सर, मी तुमच्या वर्गात होते तेव्हाही हाच होता?"

"हाच," सर खालमानेने म्हणाले.

"मी त्याची आकृती काढली होती. पुस्तकात बघून. वर्गात पहिली आले होते." त्यांनी दार लोटून घेतलं. "खोली तुमच्याकडेच राहू द्या. तेवढा कॅमेरा मात्र काढून ठेवा."